घरखर्च कमी करण्याच्या नोंदी: चार माणसांचं घर, मंगळवार पेठ, कोल्हापूर

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली, आजपासून मोजणी. दिवाळीचा महिना तुलनेला घेतलेला नाही. त्या महिन्यात तेल, साखर, बेसन सगळंच दुपटीनं जातं. त्याच्याशी ताडून बघितलं तर पुढचा कुठलाही महिना बचतीचाच दिसेल.

घरात माणसं चार. गिझर १५ लिटरचा, जुने पंखे तीन, फ्रीज, टीव्ही, पाण्याची अर्धा एचपीची मोटर, दोन बर्नरची शेगडी. मागचे आकडे गोळा केले ते असे: लाईट बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, ते उतरवून घेतले. थंडीतले महिने १३८ च्या आसपास आहेत, उन्हाळ्यातले त्याच्या वर. सिलिंडर कधी आला त्या तारखा मोबाईलवरच्या बुकिंगच्या मेसेजमध्ये मिळाल्या. एक सिलिंडर सरासरी २९ दिवस पुरतो, म्हणजे १४.२ किलो भागिले २९, रोजचा ४९० ग्रॅम गॅस.

वहीचा नियम एकच. पहिला रकाना वजनाचा, युनिटचा किंवा दिवसांचा. रुपये दुसऱ्या रकान्यात. नुसते रुपये लिहिणाऱ्यांची इथंच फसगत होते. तेलाचा भाव उतरला की खर्च उतरतो, आणि घरात तेल कमी लागलं असा समज होतो. पुढच्या महिन्यात भाव चढला की सगळं मुसळ केरात गेल्यासारखं वाटतं आणि वही बंद पडते.

६ नोव्हेंबर, बुधवार

वीज मोजायला वेगळं यंत्र विकत घेतलं नाही. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, त्याच्याशेजारी ३२०० हा आकडा छापलेला आहे. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की १ युनिट. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं. उत्तर वॅटमध्ये येतं. मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३६,००,००० ला आधी त्या आकड्यानं भागून घ्यावं.

सगळे दिवे-पंखे बंद, फ्रीजचं बटण बंद, फक्त रात्रभर लावून ठेवायची सवय आहे तेवढंच चालू: टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वाय-फाय, दोन चार्जर. लुकलुकीत ५६ सेकंदांचं अंतर आलं. ११२५ भागिले ५६, म्हणजे २० वॅट. किरकोळ वाटतं, पण २४ तास आणि ३० दिवस धरले तर १४ युनिट होतात. यातला बहुतेक भाग सेट-टॉप बॉक्सचा. रिमोटनं बंद केला तरी त्याचं आतलं काम चालूच राहतं, म्हणून बटण भिंतीवरचंच दाबायला हवं. टीव्ही आणि बॉक्स एका बटणाच्या पट्टीवर घेतले.

मग सगळंच बंद करून पुन्हा बघितलं. दिवा लुकलुकायचा थांबला. सगळं बंद असतानाही तो चालू राहिला तर कुठंतरी विसरलेलं उपकरण आहे किंवा वायरिंगमधून वीज गळतेय. दुसरं असेल तर वायरमन बोलवावा, स्वतः पेटी उघडू नये.

१० नोव्हेंबर, रविवार

नवा सिलिंडर आला. गाडीवाल्याकडे काटा असतो, वजन करून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. या टाकीवर १५.८ होतं; त्यात १४.२ मिळवले की ३०.० किलो भरायला हवं, तेवढं भरलं. त्याच पट्टीवर ए, बी, सी किंवा डी असं अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढची अक्षरं पुढच्या तिमाह्यांची. ती टाकीच्या तपासणीची मुदत. उलटून गेलेली असेल तर टाकी घेऊ नये.

घरची मोजणी ५० किलोच्या टांगत्या डिजिटल काट्यावर, पण आठवड्यातून एकदाच. टाकी रोज उचलून कंबर धरेल, आणि एका दिवसाच्या फरकातून काही कळतही नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस शेगडीचा. आधी ज्योत बघितली. मोठ्या बर्नरची टोकं पिवळी होती आणि भगुल्याच्या बुडाला काजळी धरत होती. बर्नरची पितळी टोपी काढून कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवली, भोकं सुईनं एकेक मोकळी केली, उन्हात खडखडीत वाळवून बसवली. ओली टोपी बसवली की ज्योत फडफडते आणि लोक समजतात जेट बिघडला. ज्योत निळी झाली. रबरी नळी साबणाच्या फेसानं तपासली, बुडबुडा आला नाही. नळीवर वर्ष छापलेलं असतं, ५ वर्षं झाली की बदलायची. ही बचत करण्याची जागा नव्हे.

मग २ लिटर पाण्याची चाचणी. तेच भगुलं, तोच बर्नर, नॉब पूर्ण उघडा. झाकण ठेवून ८ मिनिटं, उघडं ९ मिनिटं ४० सेकंद. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. चांगल्या शेगडीवर २ लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण २० ग्रॅम गॅस जातो. खरी गळती त्यानंतर सुरू होते. उकळी आल्यावर आच तशीच ठेवली तर पाणी जास्त गरम होत नाही, त्याची नुसती वाफ होते. १०० ग्रॅम पाण्याची वाफ हवेत गेली की सुमारे ७ ग्रॅम गॅस गेला. आमटीला खळाखळा उकळी येऊ देणं, चहा पाच मिनिटं उतू जाण्याच्या बेतात ठेवणं, कुकरच्या सहा-सहा शिट्ट्या, हे सगळं वाफेत गेलेलं सिलिंडर आहे.

कुकरचंही तेच. पहिली शिट्टी झाली म्हणजे आतला दाब पुरा झाला. त्यानंतर लहान बर्नरवर, वाफ जेमतेम सुसू करेल एवढ्या आचेवर ठेवायचा आणि मिनिटं मोजायची. शिट्ट्या मोजायच्या नाहीत. ती शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर शिट्टीनंतर ६ मिनिटं पुरतात. हरभरे, मटकी, पावटा रात्रीच भिजत घालायचे. झाकणाच्या कडेनं वाफ निसटत असेल तर रिंग सैल झाली आहे. ती ताणून, थंड पाण्यात बुडवून दिवस काढण्यात अर्थ नाही, नव्या रिंगेची किंमत वाचलेल्या गॅसमध्ये निघते.

२४ नोव्हेंबर, रविवार

वाकळीची, म्हणजे गोधडीची, पेटी तयार केली; उकळी आलेलं भगुलं तीत ठेवलं की उरलेलं शिजणं गॅसशिवाय होतं. औषधाच्या दुकानात बर्फाबरोबर इंजेक्शनं येतात ती थर्माकोलची पेटी मिळाली, आतून ४० बाय ३० सेंटिमीटर, उंची ३० सेंटिमीटर. तळाला जुन्या वाकळीच्या चार घड्या, चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर जाडीचा थर, वरून चिंध्या भरलेली उशी. गरम भगुलं थर्माकोलला थेट टेकता कामा नये, ते मऊ होऊन चिकटतं. मध्ये कापड हवंच.

४०० ग्रॅम इंद्रायणी तांदूळ धुऊन ९०० मिलिलिटर पाण्यात ठेवला. उकळी आल्यावर झाकण लावून ४ मिनिटं, मग झाकण न उघडता भगुलं पेटीत, वर उशी, वर पेटीचं झाकण. ४० मिनिटांनी काढला. भात नीट शिजलेला, तळाला करप नाही. शेगडी एकूण ११ मिनिटं चालली. एरवी २२ लागतात.

८ डिसेंबर, रविवार

पेटीत दोन आठवड्यांत तीन गोष्टी बिघडल्या, त्या लिहून ठेवतो.

१५० ग्रॅम तांदूळ ठेवला तेव्हा मधला दाणा कच्चा राहिला. भांड्यात ऐवज कमी असला की साठलेली उष्णताही कमी, आणि ती भांडं आणि कापडच पिऊन टाकतं. ३०० ग्रॅमच्या खाली पेटी वापरू नये. दुसरं, भांडं मोठं आणि निम्मं रिकामं असलं तरी हेच होतं; भांडं तीन चतुर्थांश भरेल असं निवडायचं. तिसरं, वाफेनं वाकळ दमट होते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कुबट वास येतो. आता भगुल्याच्या झाकणावर एक सुती पंचा टाकतो, तो रोज वाळत घालायचा; वाकळ दर रविवारी उन्हात.

पेटीतलं अन्न दोन तासांत बाहेर काढून खायचं. सकाळी ठेवून संध्याकाळी उघडलं तर मधल्या वेळात ते कोमट राहून आंबतं. राजमा पेटीत कधीच नाही. तो कुकरमध्ये पुरा शिजला नाही तर पोटाला बाधतो.

आठवड्याचा गॅस ३.४ किलोवरून २.७ किलोवर आला. रोजचे ३९० ग्रॅम.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी पडली, गिझरचा हिशेब आज. बादलीभर म्हणजे २० लिटर पाणी २२ अंशांवरून ४० वर न्यायचं तर ०.४२ युनिट लागतं. चार आंघोळी म्हणजे दिवसाला १.७, महिन्याला ५०. घरातल्या १३८ युनिटांपैकी ५० नुसते आंघोळीत. फ्रीजला महिन्याला ३० च लागतात. ही बाब कळेपर्यंत सगळं लक्ष बल्ब बदलण्याकडे होतं.

आता दर. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर एक, १०१ ते ३०० चा त्याच्या जवळजवळ दुप्पट. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून २०२४-२५ मध्ये शंभरच्या आतलं युनिट सात रुपयांच्या आत बसत होतं, वरचं तेराच्या पुढं जात होतं. लोकांचा एक गैरसमज सगळीकडे आढळतो: १०१ वं युनिट झालं की सगळं बिलच वरच्या दरानं येतं. तसं नाही. पहिले १०० स्वस्तच राहतात. पण म्हणूनच कमी केलेलं प्रत्येक युनिट हे वरचं, महागाचं असतं, शंभरची रेघ येईपर्यंत.

तेच पाणी गॅसवर तापवलं तर? चार बादल्यांना रोज साधारण १९० ग्रॅम, महिन्याला पावणेसहा किलो, डिसेंबर २०२४ च्या सिलिंडरच्या भावानं साडेतीनशेच्या आत. गिझरचे ५० युनिट शंभरच्या वरचे असतील तर साडेसहाशेच्या पुढं, शंभरच्या आतले असतील तर साडेतीनशेच. म्हणजे ज्यांचं बिल आधीच शंभरच्या आत आहे त्यांनी गिझर सोडायची गरज नाही. बाकीच्यांनी रेघेच्या वरचा भाग गॅसवर न्यावा. इथं दोन आंघोळी गॅसवर घेतल्या, दोन गिझरवर ठेवल्या. पाणी झाकणाच्या भगुल्यात ८ लिटर कडक तापवून बादलीत गार पाण्यात मिसळायचं. उकळतं भगुलं उचलून न्हाणीत न्यायचं नाही, तांब्यानं थोडं थोडं न्यायचं.

आठवड्यातून दोनदा तिसरा उपायही चालतो: गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी तीनला कोमट असतं. ज्याला दुपारी वेळ आहे त्यानं तेव्हाच आंघोळ उरकावी, गॅस नाही आणि वीज नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

बिल आलं, ९७ युनिट. कुठून कमी झाले ते मीटरवर पडताळून घेतलं: गिझरचे २५, बॉक्सचे ११, बाकीचे दोन जुन्या चोकच्या ट्यूब काढून एलईडी पट्ट्या लावल्या त्यातले. रुपयांत फरक पाचशेच्या वर.

सिलिंडर मात्र पुन्हा ३० दिवसांवर आला, कारण रांधण्यात वाचलेला गॅस न्हाणीत गेला. नुसते सिलिंडरचे दिवस बघितले असते तर पेटी आणि झाकणं फुकट गेली असं वाटलं असतं. म्हणून दोन्ही रकाने एकत्र वाचायचे.

२ फेब्रुवारी, रविवार

बाजार. नवी तूरडाळ आली आहे आणि गुऱ्हाळं अजून पेटलेली आहेत, तेव्हा या दोन गोष्टी आत्ताच. गूळ शाहू मार्केट यार्डाच्या बाजूनं घेतला, १० किलोचा रवा, म्हणजे अख्खी ढेप. पिवळाधमक गूळ बघून हात पुढं करू नये. रंग उजळायला जादा पावडर मारलेला गूळ चवीला खारट-तुरट लागतो. तांबूस, कडक, हातानं फोडल्यावर दाणा दिसणारा घ्यावा. तो बहुतेक वेळा भावालाही कमी असतो. वर्षाचा गूळ भरायचा नाही. जूनमध्ये हवेतली ओल धरून पाझरतो. १० किलो मुठीएवढे खडे करून, उन्हाची सुद्धा झळ न दाखवता, घट्ट झाकणाच्या दोन स्टीलच्या डब्यांत. एक डबा पावसाळा संपेपर्यंत उघडायचा नाही.

तेलाच्या पिशव्यांवर लक्ष ठेवावं लागतं. एका आकाराच्या दिसणाऱ्या पिशव्यांत एकीत ९१० ग्रॅम, दुसरीत ८५० किंवा त्याहून कमी निघतं. १ लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम. डबा १५ लिटरचा की १५ किलोचा हेही विचारूनच घ्यावं. दोन्हींत सव्वा किलोपेक्षा जास्त फरक पडतो. भाव नेहमी किलोवर आणून मगच ताडायचा.

९ मार्च, रविवार

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, लक्ष्मीपुरीतून, ५० किलोचं पोतं. गहू अजून थांबून. पूर्ण वर्षाचं धान्य भरणं परवडतं असं म्हणतात, पण ते घरात कोरडी जागा असेल आणि पैसे हातात असतील तरच खरं. उधारीवर पोतं घेतलं तर व्याजात बचत जाते, आणि टोके (धान्यातले किडे) लागले तर पोतंही जातं. सहा महिन्यांचा शाळू, चार महिन्यांचा तांदूळ, ही इथली ठरवलेली मर्यादा.

दोन दिवस कडक ऊन दाखवायचं. दाणा दाताखाली कटकन तुटला तर वाळला, दबला तर अजून एक दिवस. उन्हातून काढून लगेच डब्यात भरायचा नाही. रात्रभर चादरीवर पसरून थंड होऊ द्यायचा, नाहीतर आत घाम धरतो आणि डब्याच्या वरच्या थराला बुरशी येते. डबा गळ्यापर्यंत भरायचा. वरची रिकामी जागा म्हणजे किड्यांना हवा. वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरात. तूरडाळीला किलोमागं चमचाभर एरंडेल चोळायचं, शिजवायच्या आधी गरम पाण्यानं धुऊन टाकायचं.

गोदामात धान्यात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नयेत. त्यातून निघणारा वायू झोपेतल्या माणसाचा जीव घेतो. कोणी ओळखीनं दिल्या तरी नाही म्हणायचं.

८ एप्रिल, मंगळवार

आजपासून घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला. आंघोळीचं पाणी तापवणं मार्चमध्येच बंद झालं होतं, रोजचा गॅस ३८५ ग्रॅमवर आहे, सिलिंडर ३६ दिवस पुरतोय. सात दिवसांचा हा फरक भाववाढ गिळून वर काही शिल्लक ठेवतो.

उन्हाळ्याचा पंखा. मीटरवर मोजला तर जुना ७२ वॅट. बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा पंखा ३० वॅटवर चालतो. १६ तास चालणाऱ्या खोलीत महिन्याला २० युनिट वाचतात. ते शंभरच्या वरचे असतील तर पंख्याची किंमत वर्षाच्या आत-बाहेर निघते, आतले असतील तर दुप्पट वेळ. तिन्ही पंखे बदलायची घाई नको. सगळ्यात जास्त चालणारा एक बदलला. दोन तास चालणारा पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहील.

छतावर सौर पॅनेलचाही विचार झाला. केंद्राच्या सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व पुढं ७८,००० रुपये अनुदान आहे. पण ९७ युनिटांच्या घरात पॅनेलला घातलेला खिशातला पैसा सात रुपयांची युनिटं वाचवण्यात जाईल. ज्यांचं बिल अडीचशे-तीनशे युनिटांचं आहे त्यांनी जरूर करावं.

२७ एप्रिल, रविवार

चटणी, म्हणजे वर्षाचा कांदा-लसणाचा तिखट मसाला. कोल्हापूरच्या घरात वर्षभर रोज लागणारी ही एकच गोष्ट अशी आहे की विकतच्या आणि घरच्या भावात मोठा फरक पडतो आणि चवीतही.

प्रमाण १ किलो मिरचीला: ब्याडगी ६०० ग्रॅम रंगासाठी, संकेश्वरी ४०० ग्रॅम तिखटासाठी. कांदा अर्धा किलो, सोललेला लसूण २५० ग्रॅम, सुकं खोबरं २५० ग्रॅम, धणे २५० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम, खडा गरम मसाला सगळा मिळून १०० ग्रॅम, खडा मीठ २५० ग्रॅम, तेल २०० मिलिलिटर, कोथिंबिरीची एक जुडी. देठ काढल्यावर मिरची ८८० ग्रॅम भरली; भाव करताना हे देठ धरायला हवेत. डंकावरून (कांडपाच्या यंत्रावरून) आल्यावर चटणी २ किलो ४०० ग्रॅम. एकूण खर्चाला, कांडपाची मजुरी धरून, २.४ नं भागायचं आणि तो आकडा विकतच्या किलोशी ताडायचा.

चटणी खराब होते ती जवळजवळ नेहमी कांद्यामुळं. उभा बारीक चिरून एक दिवस उन्हात सुकवायचा, मग थोड्या तेलात मंद आचेवर तळायचा. बाहेरून तांबूस झाला म्हणून काढला तर आत ओल राहते. गार झाल्यावर बोटांत चुरला पाहिजे. वाकला तर परत कढईत. कोथिंबीर धुतली तर सावलीत पूर्ण सुकवून, तेलात कुरकुरीत करूनच. लसूण कच्चाच कांडायचा, पण शेवटच्या फेरीत. मिरची दोन दिवस उन्हात आणि कांडपाला नेताना उन्हातून थेट, म्हणजे बारीक लवकर होते आणि डंकाला चिकटत नाही. गरम चटणी डब्यात कोंबायची नाही. परातीत रात्रभर पसरून, सकाळी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे, वर मिठाचा पातळ थर. रोजच्या वापराची अर्धा किलो वेगळ्या बरणीत काढायची. मोठ्या बरणीत ओला चमचा एकदा गेला तरी पुरे होतं.

१८ मे, रविवार

तीन आठवड्यांनी मोठी बरणी उघडून बघितली. कडेला तेल सुटलं आहे, वास चांगला, बुरशी नाही. पुन्हा बंद केली, फडकं बांधून.

शाळूच्या डब्यात वरच्या थरात दोन टोके सापडले. तो थर चार बोटं काढून उन्हात टाकला, बाकीचा चाळून घेतला, खाली काही नव्हतं. डब्याच्या झाकणाची कड एका बाजूला दबली होती, तिथून शिरले असणार. कड ठोकून सरळ केली आणि आतून जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली.

पावसाच्या आधी राहिलेली कामं: वाकळ धुऊन दोन दिवस वाळवणं, मोटरच्या टाकीचा फ्लोट बदलणं कारण टाकी भरून पाणी गच्चीवर सांडतं तेवढा वेळ मोटर उगाच चालते, आणि न्हाणीतल्या गळक्या नळाचा वायसर. त्या नळाखाली रात्रभर भगुलं ठेवलं होतं, सकाळी दोन लिटर भरलं.